रेडिओच्या टेबलासाठी डीसी पुरवठा : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

दुरुस्तीला आलेले ट्रान्झिस्टर रेडिओ टेबलावर साठत चाललेत. कुणाला दोन सेल लागतात, कुणाला तीन, कुणाला चार. एक जुना लाकडी पेटीतला सहा सेलवाला आहे. सेल घालून दुरुस्ती करत बसलो तर सेलचाच खर्च मजुरीच्या वर जातो, आणि अर्धवट उतरलेल्या सेलवर रेडिओ बिघडलाय की सेल, हेच कळत नाही.

मोबाइलचा चार्जर आणि त्यापुढे छोटं कन्व्हर्टर मॉड्यूल लावून काम भागतं, पण मीडियम वेव्हवर नाही. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला लावावं तर आधी चार्जरच ऐकू येतो. त्यातलं स्विचिंग काही दहा किलोहर्ट्झला चालतं आणि त्याच्या पटीतले सूर सगळ्या मीडियम वेव्हवर पसरतात. त्यामुळे जुनीच वाट धरायची : लोखंडी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मोठे कपॅसिटर आणि लिनिअर रेग्युलेटर (आउटपुटचे व्होल्ट कायम ठेवणारा). वजन आणि उष्णता दोन्ही जास्त, पण आवाज नाही.

हवंय ते असं. ३, ४.५, ६, ९, १२ आणि १३.८ व्होल्ट. शेवटचं गाडीतल्या टेपसाठी. प्रवाह दोन अँपिअरपर्यंत. रेडिओला शंभर मिलिअँपिअर पुष्कळ झाले, पण गाडीचा टेप मोठ्या आवाजात दीड-दोन ओढतो. आउटपुटची दोन्ही टोकं पेटीपासून आणि अर्थिंगपासून सुटी हवीत.

८ जानेवारी, बुधवार

कागद-पेन्सिल हातात घेण्याआधी भिंतीतला दाब मोजतोय. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. उसाला पाणी सुरू झालं, काठावरचे पंप लागले की घरातली ट्यूब फडफडते. संध्याकाळी सातच्या सुमाराला १९१ व्होल्ट. पहाटे चारला, सगळं सामसूम असताना, २५२. दुपारी २२५ ते २३५.

ट्रान्सफॉर्मरवर ‘२३० व्होल्टला १८ व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं ते दुपारचं. पुरवठा चालला पाहिजे संध्याकाळी, आणि जळता कामा नये पहाटे. सगळी आकडेमोड या दोन टोकांवर करणार : खाली १९०, वर २६०.

११ जानेवारी, शनिवार

आकडेमोड उलटी, म्हणजे आउटपुटकडून भिंतीकडे. हवेत १३.८ व्होल्ट. रेग्युलेटर आणि त्याच्या मदतीचा ट्रान्झिस्टर यांना मिळून किमान तीन व्होल्ट वर लागतात. कपॅसिटरवरचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, दोन व्होल्ट धरला. ब्रिजमध्ये प्रवाह एका वेळी दोन डायोडमधून जातो; मोठ्या झटक्यात प्रत्येकी एक व्होल्ट, म्हणजे आणखी दोन. बेरीज २०.८. हे झालं लाटेचं शिखर. १.४१४ ने भागलं की १४.७ व्होल्ट आरएमएस, म्हणजे मीटर दाखवतो ते एसी व्होल्ट. एवढे व्होल्ट भिंतीत १९० असताना मिळायला हवेत, म्हणून २३० ला १७.८. सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं आउटपुटकडचं वाइंडिंग, १८ व्होल्टची.

बाजारात तयार मिळतात १२-०-१२ आणि १५-०-१५, म्हणजे मधल्या टॅपपासून (मधोमध काढलेल्या टोकापासून) दोन्हीकडे बारा-बारा किंवा पंधरा-पंधरा व्होल्ट. पंधराची एक बाजू घेतली तर १९० ला शिखर साडेसतरा व्होल्ट येतं, आणि त्यातून १३.८ निघायचे नाहीत. बाराची दोन्ही टोकं घेऊन २४ केले तर निघतील, पण दोन अँपिअरला तीन व्होल्टचा रेडिओ लावला की पन्नास वॉटच्या वर नुसती उष्णता. लिनिअर रेग्युलेटर वरचे व्होल्ट जाळूनच काम करतो, त्याला दुसरा मार्ग ठाऊक नाही.

म्हणून ९-०-९. दोन्ही टोकं ब्रिजला. ऋण बाजू ब्रिजच्या ऋण टोकाला जोडली की १८ व्होल्टचं पूर्ण काम. तीच बाजू मधल्या टॅपला जोडली की ९ व्होल्टचं, कारण तेव्हा ब्रिजमधले वरचे दोन डायोडच काम करतात आणि खालचे दोन नुसते बसून राहतात. एका एसपीडीटी (एक तार दोनपैकी एका बाजूला जोडणाऱ्या) स्विचवर दोन पट्टे मिळतात. ३, ४.५ आणि ६ खालच्या पट्ट्यावर, बाकीचे वरच्या. स्विच भलत्या बाजूला राहिला तरी रेडिओला धोका नाही : वर राहिला तर उष्णता वाढेल, खाली राहिला तर नऊ व्होल्ट पूर्ण येणार नाहीत. इतकंच.

प्रवाहाचं गणित बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. कपॅसिटर शिखरापाशी थोडा वेळच भरतो, त्यामुळे वाइंडिंगमधला आरएमएस प्रवाह बाहेरच्या डीसी प्रवाहाच्या पावणेदोनपटीच्या आसपास जातो. दोन अँपिअर डीसीला साडेतीन अँपिअरची सेकंडरी लागतेच. मी पाच धरतोय. १८ गुणिले ५, म्हणजे ९० व्हीए.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर माळ्यावरचा फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर खाली काढला. याचा ट्रान्सफॉर्मर आहे तसा वापरायचा नाही. स्टॅबिलायझरमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो : वाइंडिंग एकच, त्यालाच टॅप. मल्टिमीटर लावला तर सगळ्या तारा एकमेकींशी जोडलेल्या. यावरून पुरवठा केला तर रेडिओच्या चासीवर (धातूच्या सांगाड्यावर) थेट फेज येऊ शकते. व्होल्ट कमी दिसतात म्हणून लोक फसतात. जुन्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर सहसा वेगळ्या वाइंडिंगचा असतो, पण तो बॅटरीवर दहा-वीस मिनिटं चालण्याच्या हिशेबाने बांधलेला. तासभर लोड दिला की तापतो.

यातलं लोखंड मात्र चांगलं आहे, गंजलेलं नाही. तेवढंच घेतो.

१९ जानेवारी, रविवार

ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या सोडवल्या. वॉर्निशने चिकटलेल्या असतात. पहिल्या दोन-तीन पट्ट्या पातळ पात्याने मोकळ्या केल्या की बाकीच्या निघतात. ठोकून वाकवायच्या नाहीत, वाकलेली पट्टी परत बसत नाही आणि बसली तरी घुंगावते. इंग्रजी ई आणि आय आकाराच्या वेगळ्या रचून ठेवल्या. मधली जीभ ३२ मिलिमीटर, चवड ३८ मिलिमीटर. क्षेत्रफळ १२.२ चौरस सेंटिमीटर, पट्ट्यांमधलं वॉर्निश वजा जाता सव्वाअकरा धरू. नव्वद व्हीएला पुरेसं.

संध्याकाळी रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. अण्णांचं सगळं आयुष्य पाणबुडी मोटारी भरण्यात गेलं. लोखंड हातात घेऊन त्यांनी, व्होल्टमागे किती वळसे लागतील ते काढायला, कोपऱ्यातल्या पाटीवर खडूने ४२ भागिले क्षेत्रफळ, म्हणजे १२, केलं.

“साडेतीन टर्न व्होल्टला. दोनशेतीसला आठशे पाच.”

“अण्णा, मला चार हवेत.”

“कशाला? टर्न वाढवलेस की तांबं वाढतं. खिडकीत मावलं पाहिजे ना लेका.”

पहाटेचे २५२ व्होल्ट सांगितले. साडेतीनला लोखंडात २३० व्होल्टवर साधारण १.१५ टेस्ला (चुंबकीय घनतेचं माप) येतात आणि २६० ला १.३. स्टॅबिलायझरच्या साध्या पट्ट्यांना ते काठावरचं आहे : चुंबकीकरणाचा प्रवाह भसकन वाढतो, ट्रान्सफॉर्मर रिकामाच तापतो आणि गुणगुणतो. चार वळशांना २३० वर एक टेस्ला, २६० ला १.१३. रेडिओच्या टेबलावर गुणगुण नको.

अण्णांनी थोडा वेळ पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग नऊशे वीस. तार सव्वीस नंबर.” तारेचा गेज त्यांनी न मोजता सांगितला, माझ्याही हिशेबात तोच आला होता.

सेकंडरी : १८ गुणिले ४ म्हणजे ७२, आणि लोडखाली पडणाऱ्या व्होल्टसाठी पाच टक्के जास्त, म्हणून ३८ अधिक ३८. तार सतरा नंबर, १.४२ मिलिमीटर, पाच अँपिअरला तीन अँपिअर प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास.

मावेल का तेही पाहिलं. बॉबिनवर ४४ मिलिमीटर रुंदी मिळते. सव्वीस नंबरचे एका थरात पंच्याऐंशीच्या आसपास, म्हणजे प्रायमरीचे (भिंतीकडच्या वाइंडिंगचे) अकरा थर. सतरा नंबरचे तीन थर. कागद धरून चौदा मिलिमीटरपर्यंत उंची, खिडकी सोळाची. बसतंय.

२५ जानेवारी, शनिवार

दुकान बंद झाल्यावर अण्णांच्या हाताच्या मशीनवर वाइंडिंग. मशीनवरचा काउंटर जुना, पण अण्णा म्हणतात विश्वासाचा. मी हँडल फिरवत होतो आणि ते तार चिमटीत धरून वळशाला वळसा लावत होते. प्रत्येक थरावर मायलर, म्हणजे पातळ प्लास्टिकची फिल्म. कडेला तीन मिलिमीटर कागद बाहेर ठेवला, म्हणजे शेवटचा वळसा घसरून खालच्या थरावर पडत नाही. थर असेच बिघडतात : पहिल्या आणि तिसऱ्या थरात चाळीसेक व्होल्टचा फरक, आणि मध्ये फक्त तारेवरचं इनॅमल.

प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये लेदरॉइडचे (जाड इन्सुलेशन कागदाचे) दोन थर आणि त्यावर मायलरचे तीन. इथे अजिबात कंजुषी नाही. भिंतीतली वीज आणि माझा हात यांच्यामध्ये एवढाच पडदा आहे. टोकांना स्लीव्ह, बांधायला कॉटन टेप.

सतरा नंबरची तार आडमुठी. कोपऱ्यावर फुगते, लाकडी ठोकळ्याने हलकेच दाबून बसवावी लागते. मधला टॅप काढताना तार तोडली नाही. वळवून लूप बाहेर घेतला, म्हणजे आत सोल्डरचा जोड नको.

पट्ट्या भरल्या, एक ई डावीकडून आणि एक उजवीकडून. शेवटच्या दोन हातोडीच्या दांड्याने. मग वॉर्निश. अण्णांनी मोटारींबरोबर भट्टीत ठेवून घेतला.

२९ जानेवारी, बुधवार

ट्रान्सफॉर्मर घरी आणला. सव्वादोन किलोच्या आसपास भरला, त्यात तांबं साडेचारशे ग्रॅम. बाजारात ‘पाच अँपिअर’ म्हणून हातात देतात तो याच्या निम्म्या वजनाचा असतो, तेव्हा घेताना लेबल वाचण्याआधी वजन करावं.

दुकानातच मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) पाहिलं होतं : ५०० व्होल्टला प्रायमरी ते सेकंडरी आणि प्रायमरी ते लोखंड, दोन्हीकडे काटा अनंताला. घरी प्रायमरीचा रोध १६.० ओहम. हा आकडा लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

पहिली वीज ६० वॉटच्या बल्बमधून, सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर चमकून विझला, म्हणजे आत वळसा शॉर्ट नाही. मग थेट. २३० वर रिकामा प्रवाह ४५ मिलिअँपिअर. सेकंडरी ९.५ आणि ९.५. कान लावला तरी आवाज नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पुण्याला लग्न होतं. मांडवातून निघून आदल्या दिवशीच तपकीर गल्ली गाठली होती, कारण रविवारी तिथे बहुतेक शटर खाली. सामान : केबीपीसी २५१० ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे दोन कपॅसिटर, एलएम ३१७ रेग्युलेटर, एमजे २९५५ हा मोठा ट्रान्झिस्टर, सहा जागांचा रोटरी स्विच, हीटसिंक, फ्यूज होल्डर, बाइंडिंग पोस्ट.

एमजे २९५५ दोन दुकानांत पाहिला. एका ठिकाणचा हातात घेतला तर पत्र्याचं झाकण दाबलं जात होतं आणि अक्षरं नखाने निघत होती. तो ठेवून दिला. दुसरीकडे जुना साठा होता, खालची पट्टी जाड. घरी येऊन दोन्ही जंक्शनं आणि गेन तपासला, ठीक.

पंचवीस अँपिअरचा ब्रिज दोन अँपिअरला म्हणजे अतीच, असं दुकानदार म्हणाला. त्याचं बरोबर आहे. पण याला मधोमध भोक असतं, पेटीच्या पत्र्यावर स्क्रूने बसतो आणि चार वॉटची उष्णता पत्र्यातच जाते. सुटे चार डायोड बोर्डवर बसवले तर बोर्ड काळा पडतो.

९ फेब्रुवारी, रविवार

ब्रिज आणि कपॅसिटर जोडले. मेनला एक अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज; साधा लावला तर चालू करताच जाऊ शकतो, कारण रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टच असतात. मेन स्विच दोन पोलचा. गावात प्लगमध्ये फेज कुठल्या पिनला आहे याचा भरवसा नसतो, म्हणून दोन्ही तारा तुटलेल्या बऱ्या. लोखंड आणि पेटी अर्थ पिनला.

रिकामे व्होल्ट २५.६. पहाटेच्या २६० ला हिशेबाने २९ च्या थोडं वर, आणि कपॅसिटर ५० चे. कपॅसिटरवर समांतर २.२ किलोओहम एक वॉट, म्हणजे बंद केल्यावर मिनिटाभरात रिकामे होतात.

लोडला गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये दहा ओहमचे दोन मोठे रेझिस्टर समांतर. प्रवाह दोनच्या जरा खाली. ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. मल्टिमीटर एसीवर ठेवून मालिकेत एक छोटा कपॅसिटर घातला : ०.४८ व्होल्ट. रिपल जवळपास त्रिकोणी असतो, म्हणून शिखर-ते-शिखर काढायला साडेतीनने गुणायचं. १.७ व्होल्ट. सूत्राने, म्हणजे प्रवाह भागिले सेकंदाला शंभर झटके आणि ९४०० मायक्रोफॅरड, दोन व्होल्ट येतात. सूत्र कपॅसिटर भरण्याचा काळ शून्य धरतं, म्हणून ते थोडं जास्तच सांगतं. चुकायचं तर याच बाजूला चुकलेलं चालतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

रेग्युलेटरचा भाग. एलएम ३१७ त्याच्या आउटपुट आणि अॅडजस्ट पायांत नेहमी १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर, अॅडजस्टपासून ऋण बाजूला दुसरा. दोघांच्या गुणोत्तरावर आउटपुट ठरतं. सगळीकडे आकृती दिसते ती अशी की वरचा रेझिस्टर कायमचा २४० ओहमचा आणि खाली पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) किंवा स्विच.

मला ती पटत नाही. जुन्या पॉटचा सरकता संपर्क सुटला, किंवा रोटरी फिरवताना दोन जागांच्या मध्ये क्षणभर काहीच जोडलेलं नसलं, तर खालचा रेझिस्टर अनंत होतो आणि आउटपुट थेट वीस व्होल्टच्या वर. साडेचार व्होल्टचा रेडिओ लावलेला असेल तर तो गेला.

म्हणून उलटं केलं. खालचा रेझिस्टर कायमचा ४७० ओहमचा, पक्का सोल्डर केलेला. वरचा स्विचवर. संपर्क सुटला तर वरचा अनंत होतो आणि आउटपुट १.२५ ला खाली येतं. रेडिओ बंद पडेल, मरणार नाही. आकडेही सुदैवाने बाजारात मिळणाऱ्या किमतींवर बसले : ३३० ओहमला ३.०३ व्होल्ट, १८० ला ४.५१, १२० ला ६.१५, ७५ ला ९.०८, ५६ ला ११.७४ आणि ४७ ला १३.७५. सेलवर चालणाऱ्या वस्तूला एवढा फरक कळतही नाही. नवे चार सेल सहाच्या वरच असतात. तीन व्होल्टच्या जागी या दोन रेझिस्टरांतून चारच मिलिअँपिअर जातात आणि ३१७ ला नियंत्रणात राहायला दहापर्यंत लागू शकतात, म्हणून आउटपुटवर २२० ओहमचा एक वॉटचा कायमचा भार टाकला.

३१७ एकटा दीड अँपिअरचा. दोन अँपिअरसाठी एमजे २९५५ त्याच्या खांद्याला : ३१७ च्या इनपुटला २२ ओहम, त्यावर पाऊण व्होल्ट पडले की मोठा ट्रान्झिस्टर चालू होऊन उरलेला भार उचलतो. त्याच्या एमिटरला ०.२७ ओहम पाच वॉट आणि त्यावर नजर ठेवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर, बीडी १४०. सव्वादोन-अडीच अँपिअरच्या आसपास बीडी १४० मोठ्याचा बेस आवळतो. राहिलेला प्रवाह ३१७ घ्यायला जातो आणि त्याची स्वतःची मर्यादा आड येते. आउटपुट शॉर्ट करून पाहिलं, दोन्ही मिळून तीनच्या थोडं वर.

अॅडजस्ट पायाला १० मायक्रोफॅरड, त्याने रिपल आणखी दाबला जातो. त्याच्याबरोबर संरक्षणाचे दोन १एन४००७ डायोड. आउटपुटवर मल्टिमीटरला आता रिपल दिसत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पेटी आणि हीटसिंक. एमजे २९५५ चा धातूचा देह म्हणजे कलेक्टर, आणि या रचनेत कलेक्टर आउटपुटला आहे. एलएम ३१७ ची पाठही आउटपुटच. दोघं एकाच हीटसिंकवर, मध्ये अभ्रक न घालता, फक्त हीटसिंक पेस्ट लावून. अभ्रक गेला की उष्णतेच्या वाटेतली एक अडचण गेली. बदल्यात हीटसिंक आउटपुटच्या दाबावर असतो, म्हणून तो पेटीपासून हायलमच्या (वीज न जाणाऱ्या कडक शीटच्या) पट्ट्यांवर उचलला आणि वर जाळी लावली.

दोघांना शेजारी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. ३१७ मध्ये तापमानाचं कुलूप असतं. कुणी शॉर्ट करून विसरून गेलं तर हीटसिंक तापेल, ३१७ बंद होईल, मग २२ ओहममधून प्रवाह नाही आणि मोठा ट्रान्झिस्टरही आपोआप बंद. ज्याला स्वतःचं तापमान कळत नाही त्याचं शेजाऱ्याला कळतं.

रेडिओसाठी आणखी एक सोय केली. कपॅसिटर आणि रेग्युलेटरच्या मध्ये ट्रकचा २४ व्होल्ट १० वॉटचा बल्ब, त्याला बायपास करणारा स्विच. बल्ब वाटेत असताना रेडिओचे पन्नास-शंभर मिलिअँपिअर सहज जातात आणि बल्ब काळाच राहतो. रेडिओत आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आत थांबतो. बल्ब रेग्युलेटरच्या आधी आहे, त्यामुळे रेडिओला मिळणारे व्होल्ट हलत नाहीत. मीटर बघायला मान वर करावी लागते, उजेड आपोआप दिसतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुट्टी. पहिला रेडिओ लावला, तीन सेलवाला. ४.५ वर, बल्ब वाटेत. एफएम स्वच्छ. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मध्ये शांत, चार्जरसारखी कर्कश चिरचिर अजिबात नाही.

मग पुणे लावलं आणि स्टेशनबरोबर गुणगुण आली. जाड, खालच्या सुरातली. काटा हलवून स्टेशन सोडलं की गुणगुण गायब. परत स्टेशन, परत गुणगुण. तोच रेडिओ सेलवर घातला की काही नाही.

रिपल असता तर तो सगळीकडे ऐकू आला असता, स्टेशन असो वा नसो. तरी खात्री म्हणून हेडफोन एका कपॅसिटरमधून थेट आउटपुटला लावला. शांत.

२ मार्च, रविवार

गुणगुणीचं कारण रेग्युलेटरच्या मागे आहे. घरातलं वायरिंग ही लांबच लांब एरियल. त्यावर पुण्याची लहर येतेच, आणि पुरवठ्याच्या तारेतून ती रेडिओपर्यंत पोचते. वाटेत ब्रिज आहे. डायोड सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात, म्हणून या वाटेने आलेली लहर शंभर हर्ट्झने तोडली जाते. रेडिओला ती स्टेशनच्याच आवाजाचा भाग वाटते. म्हणूनच गुणगुण फक्त स्टेशनवर.

उपाय जुन्या व्हॉल्व्ह सेटमध्ये सर्रास दिसतो : प्रत्येक डायोडवर समांतर छोटा कपॅसिटर, म्हणजे डायोड मिटला तरी रेडिओ लहरीला वाट उघडीच. ०.०१ मायक्रोफॅरड एक किलोव्होल्टचे चार सिरॅमिक डिस्क ब्रिजच्या पायांवरच सोल्डर केले. शिवाय आउटपुटच्या दोन्ही पोस्टांवर ०.१.

पुणे लावलं. बातम्या, आणि बातम्यांच्या मागे काही नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एलिमिनेटरमध्ये (सेलऐवजी भिंतीच्या विजेवर रेडिओ चालवायच्या डबीत) हे चार कपॅसिटर बहुधा नसतातच, आणि ‘एलिमिनेटरवर रेडिओ घुमतो’ म्हणून लोक मोठे फिल्टर कपॅसिटर लावत बसतात. त्याने हे जाणार नाही.

९ मार्च, रविवार

लोडखालची परीक्षा. अण्णांकडून डिमरस्टॅट (मेनचे व्होल्ट कमी-जास्त करायचं यंत्र) आणला, संध्याकाळची वाट बघायला नको.

१३.८ व्होल्ट, ब्रेक लाइटचा बल्ब, १.९ अँपिअर. मेन हळूहळू उतरवला. २००, १९५, १९० पर्यंत आउटपुट हललं नाही. १८७ ला आउटपुटवर एसी दिसायला लागलं, म्हणजे रिपलची दरी रेग्युलेटरच्या किमान गरजेच्या खाली गेली. कागदावर १९० धरले होते. तीन व्होल्टांची बचत, याहून जास्त असती तर ती उष्णतेत गेली असती. वर २६० ला ट्रान्सफॉर्मर शांत.

उष्णता : ९ व्होल्ट, वरचा पट्टा, १.८ अँपिअर. मोठ्या ट्रान्झिस्टरवर साडेतेरा व्होल्ट, म्हणजे २४ वॉट. खोलीत ३५ अंश होते. तासाभरात हीटसिंक ६४ ला स्थिरावला. हात दोन सेकंद टेकतो. पंखा लावणार नाही. आवाज आणि धूळ दोन्ही नको. रेडिओवर तर हीटसिंक कोमटही होत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटातलं तापमान बाहेरून हात लावून कळत नाही. वीज काढून लगेच प्रायमरीचा रोध मोजला : १८.४ ओहम. थंड असताना १६.० होता, जानेवारीच्या संध्याकाळी, २४ अंशांना. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे आतलं तापमान साठीच्या जरा वर. इनॅमलला त्याची काही तक्रार नसते.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. बाहेर रंग, म्हणून दार लावून आत बसलो.

लाकडी पेटीतला सहा सेलवाला घेतला. आत एसी १२८ चं जोडपं, जर्मेनियम, पीएनपी. चासीला सेलचं धन टोक जोडलेलं. याच्यासाठीच आउटपुट दोन्हीकडून सुटं ठेवलं होतं : ऋण बाजू पेटीला बांधलेली असती, तर रेडिओची चासी सिग्नल जनरेटरच्या अर्थला लागताच पुरवठा शॉर्ट झाला असता.

९ वर ठेवला, बल्ब वाटेत. स्विच टाकताच बल्ब लख्ख पेटला. बंद केलं. एका एसी १२८ चा कलेक्टर-एमिटर शून्य ओहम. बल्ब नसता तर पुरवठ्याने तीन अँपिअर त्या छोट्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून ढकलले असते, आणि त्याचं केसासारखं वाइंडिंग आता कुठे भरून मिळणार? ट्रान्झिस्टर अजून जुन्या साठ्यात मिळतात, पण एकाच गेनची जोडी शोधावी लागेल. बदली येईपर्यंत दोन्ही काढून ठेवले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोजला, शाबूत आहे. उरलेला रेडिओ, म्हणजे आयएफपर्यंतचा (आवाज मोठा करणाऱ्या भागाच्या आधीचा) भाग, ९ मिलिअँपिअर घेतो आणि व्हॉल्यूम कंट्रोलवर हेडफोनला पुणे ऐकू येतं.

राहिलेलं काम : पुढच्या पत्र्यावर अक्षरं घालायची आहेत, आणि अँपिअरचा काटा बसवायचा आहे. एकच मीटर दोन पट्ट्यांना, २०० मिलिअँपिअर आणि २ अँपिअर. शंट (मीटरला समांतर लावायचा छोटा रेझिस्टर) रेग्युलेटरच्या आधी घालणार, नंतर नाही, नाहीतर त्याच्यावर पडणारे व्होल्ट आउटपुटमधून वजा होतील. त्यासाठी मँगनिनची तार अण्णांकडे एका जुन्या मीटरमध्ये आहे म्हणे.